ब्लॅकलिस्टमधून काढून देतो म्हणून बिल लावणाऱ्यांपासून सावध रहा

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. मेल स्वतःच्याच सर्व्हरवर, लिनक्स आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सॉफ्टवेअर), एका आयटी सर्व्हिसवाल्याने बसवून दिलेलं आणि एएमसी पण त्याचीच. मागच्या वर्षी मेल बाउन्स व्हायला लागले, पार्टी फोन करून विचारतेय कोटेशन कुठंय आणि आम्ही म्हणतोय अहो सकाळीच पाठवलंय. तो आला, म्हणाला तुमचा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) स्पॅमहाउसच्या लिस्टमध्ये गेलाय (ही संस्था स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवते, त्यातल्यांचे मेल बरेच सर्व्हर घेत नाहीत), काढायची फी लागते. बिलावर चक्क 'ब्लॅकलिस्ट क्लिअरन्स चार्जेस', वर जीएसटी. थोडे दिवस बरं चालायचं की परत तेच आणि परत बिल, शिवाय अँटीस्पॅम गेटवेचं वर्षाचं पॅकेज गळ्यात मारायला बघत होता ते वेगळंच.

शेवटी साहेबांचा भाचा, जो होस्टिंगमध्ये कामाला आहे, त्याने बाहेरच्या एका मशीनवरून आमच्या पोर्ट 25 ला, म्हणजे बाहेरचे सर्व्हर जिथे मेल आणून देतात तिथे, टेलनेट केलं, हाताने कमांड टाइप करून मेल पाठवून बघितला (घरच्या नेटवरून करू नका, तिथे 25 बऱ्याचदा बंद असतो). पाठवणारा भलताच, घेणारा जीमेलवाला, पासवर्ड काही नाही, आणि आमचा सर्व्हर म्हणतो 250 ओके, म्हणजे पाठवतो! तिथे 'रिले ॲक्सेस डिनाइड' (परक्याचा मेल पुढे पाठवणार नाही) यायला हवं होतं. म्हणजे जगातला कोणीही आमच्या नावावर स्पॅम पाठवत होता, धर्मशाळाच झालेली.

पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाइल मेन डॉट सीएफ उघडली तर मायनेटवर्क्सच्या ओळीत 0.0.0.0/0. या ओळीत जे आयपी असतात त्यांना पासवर्ड न विचारता बाहेर मेल पाठवता येतो, आणि या सर्व्हिसवाल्याने अख्खं इंटरनेटच घातलेलं. सेल्सच्या पोरांचे मेल मोबाइलवरून जात नव्हते, तेव्हा पोर्ट 587 वर (मोबाइल-कॉम्प्युटरवरून आपल्या लोकांनी मेल पाठवायचा पोर्ट) पासवर्ड लावून द्यायच्या ऐवजी हा शॉर्टकट. विचारलं तर म्हणे डिफॉल्ट असंच असतं. धादांत खोटं, सेंडमेल या जुन्या मेल सॉफ्टवेअरने सुद्धा 1998 मध्येच रिले डिफॉल्टला बंद केलं आणि पोस्टफिक्स तर आपणहून असं उघडं राहतच नाही.

बरं चुकून झालं म्हणावं तर रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, कमांड हिस्टरीत पोस्टसुपर कमांडने क्यू (पाठवायच्या मेलची रांग) रिकामी केल्याच्या ओळीच ओळी, पण ती फाइल दुरुस्त केल्याची एकही नाही. म्हणजे क्यूत दुसऱ्यांचे मेल तुंबलेले त्याने बघितले होते, ते पुसायचे, स्पॅमहाउसचा फॉर्म भरायचा आणि आम्हाला बिल. आणि स्पॅमहाउस नाव काढायचा एक रुपया घेत नाही, फॉर्म आपण पण भरू शकतो, फक्त मूळ भोक बुजवलं नाही तर नाव परत चढतं.

आता मायनेटवर्क्समध्ये 127.0.0.0/8 आणि ऑफिसचं लॅन एवढंच ठेवलंय, रिले रिस्ट्रिक्शन्समध्ये शेवटी रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन (परक्यांचे बाहेर जाणारे मेल नाकारणारी सेटिंग) आहे ना ते बघितलं, बाहेरच्या सगळ्यांना 587 आणि पासवर्ड. रूटचा पासवर्ड आमच्याकडे घेतलाय, तुमचा कोणाकडे आहे ते आजच बघा. त्याचं शेवटचं बिल अडवून धरलंय, रोज फोन येतोय, साहेब म्हणतात आधीच्या क्लिअरन्सचे पैसे परत कर मग बोलू.