गॅलरीतल्या भाजीचं किट: पिशव्या छान, बाकी हिशोब जमत नाही

नवशिक्यांसाठीचं ‘किचन गार्डन किट’ एप्रिलअखेर ऑनलाइन मागवलं, साडेआठशे रुपयांना. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पूर्वेची, ऊन अकरापर्यंतच. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. बारा बाय बारा इंचांच्या पाच ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्या, आल्या, त्या दणकट आहेत. शिलाई दुहेरी, कड्या घट्ट, भरलेली पिशवी दोघांनी उचलली तरी उसवली नाही. खालची भोकं मात्र दोनच. दाभण तापवून आणखी चार पाडून घ्या, नाहीतर मुळं कुजतील.

आता माती. म्हणजे मातीच नाही! साडेसहाशे ग्रॅमच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दोन विटा आणि दोन किलो गांडूळखत. वीट टबात टाकली की तासाभरात आठ-नऊ लिटर होते, बघायला मजा येते. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं, ते ओतून टाकायचं, त्यात क्षार असतात. पण एका पिशवीत वीसेक लिटर मावतं. म्हणजे सगळं मिळून धड एक पिशवी भरते आणि दिल्यात पाच. शिवाय कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पोसत नाही. उरलेल्या पिशव्यांसाठी नर्सरीतून लाल माती आणि शेणखत आणावंच लागलं. तो खर्च जाहिरातीत कुठे दिसत नाही.

बियाण्याची दहा पाकिटं, त्यात ब्रोकोली, लेट्यूस, सेलरी. कोकणपट्टीच्या मे महिन्यात! फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, त्याला थंडी लागते.” अहो, मग आत्ता पाठवता कशाला? पाकिटांवर जातीचं नाव नाही, उगवणक्षमता नाही, तपासणीची तारीखही नाही. टोमॅटो उगवला, पण त्याला सहा तास तरी ऊन हवं. आमच्याकडे नुसता उंच वाढला, फळाचं नाव नाही.

सासूबाईंनी डब्यातली मेथी एका पिशवीत फेकली, तिसऱ्या दिवशी हिरवं दिसायला लागलं. धने लाटण्याने हलकेच दुभंगून पेरले. कोथिंबिरीला आठवडाभर तरी वाट बघावी लागते, तोवर माती उकरून बघू नका. अळू आणि पुदिना तर अर्ध्या उन्हातही खूश असतात.

जूनमध्ये कृषी सेवा केंद्रातून ‘परभणी क्रांती’ भेंडीचं पाकीट आणलं. जात परभणीच्या कृषी विद्यापीठाची, केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला) त्यातल्या त्यात दाद न देणारी, आणि संकरित नसल्यामुळे पुढच्या वर्षीसाठी बी धरता येतं. दोन पिशव्या गच्चीवर ठेवल्या, तिथे दिवसभर ऊन. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आलाच, पण किटमधलं कडुनिंबाचं तेल कामी आलं: लिटरभर पाण्यात पाच मिली, वर साबणाच्या पाण्याचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी.

पाचपैकी अडीच तारे, तेही बहुतेक पिशव्यांचे. त्या सुट्याही मिळतात. मी आणखी चार मागवल्यात.