लेसोथोच्या जुलैसाठी दादरमधून घेतलेले गरम कपडे

जुलैत लेसोथोला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळे म्हणाले आफ्रिकेत कसली थंडी, टोपी आणि सनस्क्रीन घे. दादर पश्चिमेच्या या छोट्या दुकानातल्या मुलानेही आधी सुती शर्टच काढले. गल्ल्यावरच्या काकांनी मात्र विचारलं, "उंची किती आहे तिथे?" म्हटलं काका, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला एवढासा देश, जेमतेम 30,000 चौरस किलोमीटर, पण तिथली सगळ्यात सखल जागासुद्धा 1,400 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा. लगेच त्यांनी मुलाला माळ्यावर चढवलं.

काकांनी एक जाडजूड जॅकेट नाही दिलं, आतून थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ जॅकेट आणि वरून विंडचीटर असं तिन्ही मिळून 5,200 ला दिलं. तेव्हा वाटलं उगाच तीन वस्तू गळ्यात मारतायत, पण लेसोथोतल्या सेमोंकाँग गावात पहिल्याच रात्री पटलं. हिवाळ्यात तिथे हवा कोरडी, आभाळ एकदम मोकळं, त्यामुळे सूर्य बुडाला की जमीन झपाट्याने थंड होते आणि पारा शून्याखाली, त्यात डोंगरांवर झाडं जवळजवळ नाहीतच, वारा सरळ अंगावर येतो. दुपारी ऊन इतकं कडक की थर्मलवर नुसता शर्ट पुरला! तिथले लोक तर घोड्यावर बसतानाही लोकरीचं ब्लँकेट पांघरून असतात.

मालेत्सुन्याने धबधबा 192 मीटर खाली कोसळतो, आणि समोरचा कडा बघून मला थेट माळशेज आठवला, तसेच काळ्या कातळाचे थरावर थर. दोन्हीकडे बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला दगड, फक्त त्यांचा साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीचा आणि आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. अर्धा तास तिथेच बसून होतो, विंडचीटर नसता तर पाच मिनिटंही टिकलो नसतो.

आता तक्रार. हातमोजे अजिबात घेऊ नका यांच्याकडचे, बोटं बधिर झाली, सकाळी फोटो काढायचं बटण दाबता येईना. विंडचीटरची चेन तिसऱ्या दिवशी अडकायला लागली, परत आल्यावर काकांनी एक पैसा न घेता बदलून दिली.

आणि तिकडे ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर हा विंडचीटर नको, वर्षाचा बहुतेक पाऊस तेव्हाच पडतो, दुपारी गडगडाट करत येतो. मी तो परवा पावसात घालून दादर स्टेशनवरून घरी चालत आलो, आतला शर्ट पिळून काढावा लागला.