पार्कर 51 घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

मी रोज सकाळी दोन पानं लिहितो. डायरी, घरचा हिशेब, कधी नातीला पत्र. सगळं शाईपेननं. बॉलपेन दाबून दाबून माझा अंगठा दुखतो. शाईपेन कागदावर नुसतं टेकवलं तरी चालतं.

माझे बाबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. 1956 साली राजधानी भोपाळला गेली, तेव्हा त्यांच्या साहेबांनी जाताना आपलं काळं पार्कर 51 बाबांना दिलं. आमच्या शाळेच्या फॉर्मपासून माझ्या लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळं बाबांनी त्याच पेननं लिहिलं. पुढे घर बदलताना ते कुठंतरी गेलं. तसं पेन पुन्हा हाती यावं अशी फार इच्छा होती, आणि त्या इच्छेनंच घात केला.

एप्रिलमध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. पार्कर 51, काळं, 14 कॅरेट सोन्याची निब, आजोबांची आठवण, किंमत साडेसहा हजार. विकणारा नागपूरचाच, म्हणून विश्वास बसला. बर्डीवर एका चहाच्या टपरीपाशी भेटलो. तिशीतला मुलगा, बोलायला गोड. "काकाजी, घरची वस्तू आहे. नाही जमलं तर वापस आणा." बिल मागितलं, तर "जुन्या वस्तूचं बिल कुठून आणू?" मग त्यानं शाईची बाटली काढली, निब तीत बुडवली आणि गुळगुळीत कागदावर माझं नाव लिहून दाखवलं. अक्षर सुरेख उमटलं. पैसे पाठवताना मोबाइलवर भलत्याच माणसाचं नाव आलं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. मी तिथंच थांबायला हवं होतं.

बुडवून तर कुठलंही पेन दहा ओळी लिहितं. आतली शाई ओढणारी नळी धड आहे की कुजलेली, हे बुडवून कधीच कळत नाही. पेन पाण्यानं भरून, रिकामं करून दाखवा असं म्हणायला दोन मिनिटं लागतात. मी म्हटलं नाही.

घरी आठवडाभर ठीक चाललं. मग सकाळी पहिली ओळ कोरडी जायला लागली. मे महिना, नागपूरचं ऊन, कूलरची हवा थेट टेबलावर. शाई निबेवर सुकत असेल, असं मीच स्वतःला समजावत राहिलो. महिना असाच गेला. खरं तर तीच मोठी खूण होती. पार्कर 51 ची निब टोक सोडून सगळी आवरणाखाली झाकलेली असते, ती मुळात शाई निबेवर सुकू नये म्हणूनच. 1941 साली हे पेन बाजारात आलं ते लवकर वाळणारी शाई चालावी या हिशेबानं. बाबा दुपारी टोपण उघडं ठेवून चहा प्यायला उठायचे, परत आले की पेन पुढे लिहायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, तरी उन्हाला दोष देत बसलो.

शेवटी नागपूरच्या महाल भागातल्या एका म्हाताऱ्या पेन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी पेन हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "कोनं देल्लं हे तुमाले?" पुढचं आवरण त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढलं. खऱ्या पेनात ते लाखेनं बसवलेलं असतं, ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. खरी निब गोल नळीसारखी असते, जवळजवळ सगळ्यांत 14 कॅरेट सोन्याची. स्पेशल नावाच्या स्वस्त प्रकारात पोलादाची असते, पण तीही नळीच. इथं निघाली साध्या चिनी पेनची चिमुकली उघडी निब. वर पिवळा मुलामा, तोही कडेला उडालेला. तशी चिनी पेनं काहीशे रुपयांत मिळतात आणि लिहितातही बरी. त्या पेनात खोट नव्हती. खोट होती त्यावर कोरलेल्या नावात.

म्हणून सांगतो, झाकलेल्या निबेचं सोनं कुणाच्या तोंडच्या शब्दावर विकत घेऊ नका. 14 कॅरेटचा शिक्का आवरणाच्या आत असतो, तो बाहेरून दिसतच नाही. विकणारा दुरुस्तीवाल्याकडून आवरण उघडू देत नसेल तर पेन परत द्या आणि चहा पिऊन घरी या. शिवाय रोजच्या लिखाणाला सोनं लागतही नाही. सोन्याच्या निबेतही कागदावर घासतो तो टोकाला जोडलेला कठीण धातूचा कण, ज्याला आपण सरसकट इरिडियम म्हणतो. चांगल्या स्टीलच्या निबेलाही तोच असतो. मी आता तसंच एक देशी पेन वापरतो, आणि अक्षर बाबांच्या अक्षराच्या जवळ जातं.

त्या मुलाचा फोन बंद लागतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्याचा क्रमांक माझ्याकडे होता, जाहिरातीचा फोटो मात्र मी जपून ठेवला नव्हता आणि तोवर जाहिरात गायब झाली होती. पैसे अजून आलेले नाहीत.

मागच्या आठवड्यात जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, पण मागचं फुलाफुलांचं टेबलक्लॉथ तेच. या वेळी पेन मरून रंगाचं आहे, आणि आजोबांऐवजी आजीची आठवण. या वेळी मी फोटो काढून ठेवला आणि तक्रारीला जोडला.