फिट की कोलोनोस्कोपी? ठाणे-नवी मुंबईकरांनी कशाच्या आधारे ठरवावं

काहीही त्रास नसताना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करायची, तर आपल्याकडे हाताशी असलेले पर्याय दोन. एक फिट, म्हणजे शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी. दुसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून गुदद्वारापासून लहान आतड्याच्या तोंडापर्यंत सगळं मोठं आतडं बघणं. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत दोन्हीची सोय आहे. पहिलीला काहीशे रुपये लागतात, दुसरीला काही हजार. पण खर्च हा निर्णयाचा शेवटचा मुद्दा असावा, पहिला नव्हे.

ही तुलना कुणासाठी नाही ते आधी सांगायला हवं. शौचावाटे रक्त जातंय, शौचाची सवय महिनाभराहून जास्त काळ बदलली आहे, कारण नसताना वजन उतरलंय, किंवा पुरुषाचं अथवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेमुळे घसरलंय, अशांनी लॅबमधून फिट करून ती निगेटिव्ह आली म्हणून थांबू नये. थेट डॉक्टरकडे जावं आणि बोटाने गुदाशयाची तपासणी करायला सांगावं. आपल्याकडे गुदाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण बरंच आहे आणि त्यातल्या खालच्या गाठी बोटाला लागतात. दोन मिनिटांची ही तपासणी संकोचापायी राहून जाते, मूळव्याधीचं मलम सहा-सहा महिने चालू राहतं आणि तेवढ्यात आजार पुढच्या टप्प्यात जातो. वय कमी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. टाटा स्मारक रुग्णालयातल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७च्या आसपास निघालं होतं.

मृत्यूंचे आकडे काय सांगतात

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार वर्षभरात १९ लाखांहून जास्त लोकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९ लाख दगावले. भारतात नवे रुग्ण ७० हजारांच्या घरात, मृत्यू ४० हजारांच्या. वयाचा फरक वजा करून पाहिलं, तर जगात दर लाखामागे साधारण १८ जणांना हा आजार होतो, भारतात पाचेक जणांना. आपल्याकडे तो कमी जणांना होतो खरा, पण झालेल्यांपैकी दगावण्याचं प्रमाण मोठं आहे. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण कोरियात ७० टक्क्यांच्या वर आहे, भारतातल्या उपलब्ध नोंदींमध्ये ४० टक्क्यांच्याही आत.

रुग्ण जास्त तिथे मृत्यू जास्त, असं सरळ गणित इथे लागू होत नाही. डेन्मार्क आणि नॉर्वे रुग्णसंख्येच्या दरात जगात वरच्या ओळीत आहेत, पण मृत्युदरात हंगेरी आणि स्लोव्हाकिया पुढे आहेत. एकाच देशात, एकाच औषधांच्या जमान्यातही तफावत पडते. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून हा मृत्युदर घटतो आहे. तरीही २००९ ते २०११ या काळात मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या जिल्ह्यांत तो देशातल्या इतर भागांपेक्षा ४० टक्के जास्त होता. गरिबी, दवाखान्यापासूनचं अंतर आणि तपासणीचं कमी प्रमाण हे तिथलं दुखणं.

उलटी उदाहरणंही आहेत. डेलावेअर राज्याने २००२पासून तपासणीबरोबर उपचारांचा खर्चही उचलला आणि रुग्णाच्या पाठीशी राहणारे समन्वयक नेमले. काही वर्षांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीयांच्या मृत्युदरातलं अंतर जवळजवळ मिटलं. उत्तर कॅलिफोर्नियात कैसर या आरोग्यसंस्थेने आपल्या सभासदांना घरपोच फिटचे संच पाठवले. तपासणी झालेल्यांचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून ८३वर गेलं आणि मृत्यू निम्म्यावर आले. तिथे कुणी कोलोनोस्कोपीची सक्ती केली नव्हती. साधी चाचणी, दरवर्षी, आणि पॉझिटिव्ह आलेल्याचा पाठपुरावा, मुख्यतः एवढ्यावर हे घडलं.

आता घरच्या अंगणात येऊ. बृहन्मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३पासून आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून. मुंबईत आतड्याच्या कॅन्सरचा दर बार्शीपेक्षा सरळसरळ जास्त दिसतो. ‘आमच्या गावाकडे कुणाला नाही’ हा धीर ठाण्यात दोन पिढ्या काढलेल्या घराला फारसा उपयोगाचा नाही. जपानहून हवाईला गेलेल्या लोकांमध्ये हा कॅन्सर एका पिढीतच तिथल्या रहिवाशांच्या पातळीला गेला होता. बैठं काम, वाढलेला घेर, मधुमेह, दारू, तंबाखू, डब्यात घटलेली भाजी-भाकरी, सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस, या सगळ्याचा त्यात वाटा असतो.

मग आपल्याकडच्या आजाराच्या प्रमाणाला कोणती तपासणी शोभते

कोलोनोस्कोपीचा फायदा त्या भागात आजार किती आहे त्यावर ठरतो, धोका मात्र सगळीकडे तेवढाच असतो. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत काही लोकांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं धाडलं, काहींना नाही. २०२२ साली निकाल आला तो असा: दहा वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण १.२० टक्क्यांवरून ०.९८वर आलं. बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष आले ४२ टक्केच, त्यामुळे करून घेणाऱ्याचा फायदा यापेक्षा जास्त धरावा लागेल. पण तिथला मूळ दर आपल्या कितीतरी पट आहे. इथे तेवढाच फायदा मिळवायला कितीतरी जास्त लोकांच्या आतड्यात दुर्बीण घालावी लागेल. आतड्याला भोक पडणं दुर्मीळ, हजारात एक किंवा त्याहून कमी, पण घडतं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला कोंब, कापल्यावर रक्तस्राव त्याहून थोडा जास्त वेळा होतो.

स्पेनमधल्या चाचणीत दोन वर्षांतून एकदा फिट आणि एकदाच कोलोनोस्कोपी यांची थेट तुलना झाली. दहा वर्षांनी या कॅन्सरने झालेले मृत्यू फिटच्या गटात ०.२४ टक्के, कोलोनोस्कोपीच्या गटात ०.२२. फरक नगण्य. फिटला जास्त लोक आले, हे त्यामागचं मोठं कारण.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. वय ४५ ते ७५, त्रास नाही, घरात कुणाला हा कॅन्सर नाही: फिट, शक्यतो दरवर्षी, निदान दोन वर्षांतून एकदा. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मुलांपैकी कुणाला झाला असेल: कोलोनोस्कोपीच, आणि तीही वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. आतड्याला वर्षानुवर्षं सूज असणाऱ्यांचं किंवा घरात पिढ्यान्‌पिढ्या हा आजार चालत आलेल्यांचं वेळापत्रक पोटविकारतज्ज्ञाने ठरवावं. दरवर्षी फिट लक्षात ठेवून करणं जमणारच नाही, हे स्वतःशी प्रामाणिकपणे माहीत असेल, तर एकदाच कोलोनोस्कोपी करून दहा वर्षं मोकळं होणं हाही समंजस निर्णय आहे.

एकदाच केलेली फिट अपुरी का, ते आकड्यांत पाहा. एका वेळी ती १०० कॅन्सरपैकी साधारण ७४ पकडते. पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा मोठ्या पॉलिपपैकी जेमतेम २४. गाठ रोज रक्त सांडत नाही, म्हणून निसटते. यंदा निसटलेली पुढच्या वर्षी सापडण्याची संधी असते, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात. दरवर्षीच्या फिटची ताकद या हिशेबात आहे. एक फिट करून पाच वर्षं विसरलात तर ती ताकद उरत नाही.

फिट कुठे फसते

पहिली गफलत लॅबच्या काउंटरवरच होते. ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ या नावाखाली अनेक ठिकाणी जुनी रासायनिक चाचणी होते. तिला मटणातलं रक्तही लागू पडतं, मुळ्यासारख्या भाज्यांनी ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी खोटी निगेटिव्ह. शिवाय तिला तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. फिट फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते, पथ्य लागत नाही, एक नमुना पुरतो. म्हणून पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: पद्धत इम्युनोकेमिकल, म्हणजे फिटची, आहे का, आणि रिपोर्टमध्ये नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह येतं की आकडाही? बऱ्याच ठिकाणी एका ग्रॅम शौचामागे २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही सीमा धरतात. आकडा मिळाला तर पुढच्या वर्षीशी ताडून पाहता येतो.

दुसरी गफलत उन्हाची. नमुन्यातलं हिमोग्लोबिन उष्णतेने नासत जातं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. इटलीच्या उन्हाळ्यातही हा परिणाम मोजला गेला आहे, मग मे महिन्यातल्या कळव्याची किंवा कोपरखैरणेची काय कथा. सकाळी घेतलेला नमुना संध्याकाळपर्यंत बॅगेत घेऊन लोकलने फिरू नका. द्रव भरलेली, झाकणाला काडी असलेली बाटली मिळत असेल तर तीच घ्या. साध्या प्लास्टिकच्या डबीत नमुना लवकर खराब होतो. लगेच पोचवता येत नसेल तर पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी द्या. घरून नमुना नेणारा मुलगा येणार असेल तर तो किती वाजता लॅबला पोचवतो तेही विचारा.

नमुना घेताना शौच पाण्यात किंवा लघवीत पडू देऊ नका. भारतीय पद्धतीच्या संडासात आधी कोरडा जाड कागद पसरला की काम होतं. काडी चार-पाच वेगवेगळ्या जागी फिरवा. काडीच्या खाचा भरल्या की पुरे, ढेकूळ कोंबलं तर आकडा चुकतो. पाळी चालू असताना, आव पडत असताना, मूळव्याध ठसठसून रक्त येत असताना नमुना देऊ नका.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. फिट पॉझिटिव्ह येते, घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये परत करतात, ती निगेटिव्ह येते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पॉझिटिव्ह फिटचं उत्तर दुसरी फिट नसतं, कोलोनोस्कोपी असतं, आणि ती तीन महिन्यांच्या आत व्हावी. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतोच, पण कुणाला आहे ते दुर्बिणीशिवाय कळत नाही. कोलोनोस्कोपी करून घ्यायचीच नाही असं ठरलेलं असेल, तर फिट करण्यात अर्थ नाही.

कोलोनोस्कोपीत बाजी पोट साफ करण्यावर

आतडं नीट रिकामं नसेल तर चपटे पॉलिप मळाखाली दडतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, तीळ, पेरू, टोमॅटो, कडधान्यं, भाकरी बंद. मऊ भात, ब्रेड, दही-भात, बटाटा चालतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्या वेळेपासून फक्त नितळ द्रव: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरचं पाणी गाळून. कोकम सरबत मात्र नको. लाल-जांभळा रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करणाऱ्या पावडरीचं द्रावण दोन ते चार लिटर असतं. ते आदल्या संध्याकाळी एकदम न संपवता अर्धं तेव्हा आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी घ्यावं, दोन तास आधी पूर्ण थांबावं. सकाळी आठची वेळ असेल तर पहाटे उठावं लागतं, म्हणून लोक सगळं रात्रीच पितात आणि आतड्याची उजवी बाजू घाण राहते. अकरा-बाराची वेळ मागून घेतली तर सोपं जातं. शेवटची शौच फिकट पिवळी, आरपार दिसणारी हवी. तशी नसेल तर निघण्याआधी फोन करून सांगा.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करतात. रक्त पातळ करणारी गोळी, इन्शुलिन, मधुमेहाच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. भूल देणार असल्याने सोबत कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

रुग्णालय निवडताना लॉबीच्या चकचकाटापेक्षा तीन गोष्टी विचारा. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत, सीकमपर्यंत, पोचल्याचा फोटो रिपोर्टला जोडतात का? बाहेर काढताना किमान सहा मिनिटं आतडं पाहतात का? पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढतात, की दुसऱ्या दिवशी नव्या बिलावर? दर विचारताना भूल, पॉलिप काढणं आणि बायोप्सी त्यात धरलंय का तेही विचारा, कारण जाहिरातीतला आकडा बहुधा नुसत्या दुर्बिणीचा असतो. आरोग्य विम्यावर फार विसंबू नका. केवळ तपासणीसाठी भरती झाल्यास दावा न देण्याचं कलम पॉलिसींमध्ये सर्रास असतं.

खर्च आवाक्याबाहेर असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरूळ-कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आधी पाहा. ओपीडीत स्कोपी कोणत्या वारी होते आणि किती आठवड्यांनी तारीख मिळते ते विचारून घ्या. कॅन्सर निघालाच तर परळचं टाटा आणि टाटाचंच खारघरचं केंद्र ॲक्ट्रेक आहेत, शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन येतं. तपासणीचं बोलावणं मात्र सरकारकडून येणार नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी आहे.

कोलोनोस्कोपी झाल्यावर पुढची तारीख रिपोर्टवर लिहून घ्या. काहीच नसेल तर दहा वर्षांनी. दहा मिलिमीटरपेक्षा लहान एक-दोन ॲडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचे पॉलिप) निघाले तर सात ते दहा वर्षांनी, तीन-चार निघाले तर तीन ते पाच वर्षांनी, दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा निघाला तर तीन वर्षांनी. बायोप्सीचा कागद चार-आठ दिवसांनी येतो आणि पुष्कळदा काउंटरवरच पडून राहतो. तो हातात आल्याशिवाय ही तारीख ठरत नाही.