13 फुटांचं छत आणि हात न पोचणारं काम

उंच छताच्या घरात फसवणूक होते ती नऊ फुटांच्या वर. तिथे घरमालकाचा हात जात नाही, परांची उतरली की नजरही नीट पोचत नाही, आणि काम करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या बैठकीच्या खोलीचं छत 13 फूट उंच आहे. वरची ती सगळी जागा वाया चालली आहे असं वाटून आम्ही तिथे पोटमाळा, पुस्तकांची भिंतभर मांडणी आणि नवीन दिवे असं काम काढलं. कंत्राटदाराने आम्हाला कुठे कुठे गंडवलं ते इथे लिहितेय. अशीच उंची असलेल्यांनी काम सुरू करण्याआधी वाचावं.

पहिली फसवणूक चित्रातच होती. काम मिळवायला त्याने संगणकावरचं थ्रीडी चित्र आणलं. खाली सोफा, वर पोटमाळ्यावर टेबल-खुर्ची, आणि कठड्याला टेकून आरामात उभा असलेला एक माणूस. चित्र इतकं सुरेख होतं की घरातल्या कुणालाच शंका आली नाही. आता साधा हिशेब बघा. खाली माणसाला वावरायला साडेसात फूट तरी लागतात. पोटमाळ्याच्या जमिनीची जाडी, म्हणजे चार इंची पाइप, वर 18 मिलिमीटरचं प्लाय, त्यावरचं फ्लोअरिंग आणि खालून जिप्समचं आच्छादन, धरून सहा-सात इंच जातात. उरतात जेमतेम पाच फूट. त्यात झोपता येतं, मांडी घालून बसता येतं, उभं राहता येत नाही. दोन्हीकडे सरळ उभं राहायचं तर छत साडेचौदा फुटांच्या वर हवं.

मग चित्रातला माणूस उभा कसा? पुढे एका ओळखीच्या इंजिनिअरने दाखवलं. छापील चित्रावर दाराची उंची सहा सेंटीमीटर होती आणि त्याच भिंतीची छतापर्यंतची उंची 13 सेंटीमीटर. दार सात फुटी, म्हणजे चित्रातलं छत 15 फुटांच्या वर गेलं होतं! आमच्या खोलीत हे गुणोत्तर दुपटीपेक्षा कमीच येणार. ही तपासणी कुणालाही पट्टीने करता येते. फक्त दार आणि छताची कड एकाच भिंतीवर मोजायची, नाहीतर जवळ-लांबच्या फरकाने आकडा चुकतो.

खरा घोटाळा लोखंडात होता. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ‘हेवी एमएस पाइप, संपूर्ण फ्रेम’. एमएस म्हणजे माइल्ड स्टील, आपलं नेहमीचं लोखंड. तोंडी बोलणं झालं होतं 100 बाय 50 मिलिमीटरच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या पाइपचं. बाहेरचं माप बरोबर तेवढंच आलं, त्यामुळे टेप लावून काही कळत नव्हतं. पत्रा मात्र दोन मिलिमीटरचा होता. पाइपच्या दोन्ही तोंडांना आधीच टोप्या वेल्ड करून माल आला होता. ‘ताई, आत गंज जाऊ नये म्हणून करतो आम्ही,’ असं तो म्हणाला. ऐकायला पटण्यासारखंच होतं. बंद टोक खरंच चांगलं असतं, पण ते जाडी दाखवल्यानंतर बंद करायचं असतं.

एक मिलिमीटरने काय बिघडतं, असं वाटू शकतं. लोखंडाची घनता ठरलेली आहे, घनमीटरला 7850 किलो. त्यावरून तीन मिलिमीटर जाडीचा हा पाइप मीटरला साडेसहा किलोच्या पुढे भरतो आणि दोन मिलिमीटरचा साडेचारच्या आसपास. म्हणजे लोखंड जवळजवळ एक तृतीयांश कमी, आणि तेवढ्याच वजनाखाली पाइप साधारण दीडपट वाकणार. घरात माणसं वावरतात अशा जमिनीसाठी सर्वसाधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरतात. दहा बाय दहा फुटांच्या पोटमाळ्याला हा भार साडेअठराशे किलोंच्या घरात जातो. त्यात आमची पुस्तकं. गच्च भरलेल्या फळीवर मीटरमागे वीस-तीस किलो सहज बसतात.

जोडकामाचीही तीच कथा. फ्रेमचं एक टोक काँक्रीटच्या बीमला धरलेलं होतं, पण दुसरं टोक अर्ध्या विटेच्या आडभिंतीत साध्या फास्टनरवर, म्हणजे भोकात पसरून पकड घेणाऱ्या बोल्टवर, टांगलेलं होतं. विटेत पसरणारा फास्टनर ओढीने हळूहळू सैल होतो. असा भार कॉलम-बीमवरच जायला हवा, किंवा त्यासाठी खालून वेगळा खांब द्यायला हवा. खांब चित्रात नव्हता, कारण खांबाशिवायचं चित्र जास्त देखणं दिसतं. आणि वेल्डिंग? सांधा सगळीकडून भरण्याऐवजी कोपऱ्यांत टाके मारून सोडले होते, फटींवर पुट्टी फिरवून रंग दिला होता.

हे सगळं झाकायची त्याला भलती घाई. वेल्डिंग संपलं त्याच संध्याकाळी खालून जिप्सम बोर्ड चढले आणि वरून प्लाय ठोकलं गेलं. एरवी निरोप पाठवूनही न येणारी माणसं त्या दिवशी दिवेलागणीनंतरही राबत होती. कोटेशनच्या अटीही तशाच बेतलेल्या: फ्रेम ‘पूर्ण’ झाली की एकूण रकमेच्या 80 टक्के द्यायचे. म्हणजे झाकण लागलं की पैसे त्याच्या खिशात, आणि राहिलेल्या बारीकसारीक कामासाठी त्याला आमची गरज उरली नाही.

आता परांची. उंच खोलीत हा खर्च खरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिलात परांची तीन ठिकाणी होती: वायरिंगमध्ये, जिप्समच्या कामात आणि रंगात. खोलीत उभी होती ती एकच परांची, पहिल्या दिवशी बांधलेली आणि शेवटी सोडलेली. शिवाय रंगात ‘दहा फुटांवरील जादा दर’ वेगळा लावला होता. उंचीचे पैसे घेण्याचे जितके मार्ग सुचले तितके त्याने वापरले.

रंगाचं क्षेत्रफळ तर घरातल्या शाळकरी मुलीनेच पकडलं. खोली 16 बाय 12 फूट, म्हणजे घेर 56 फूट. 13 फूट उंचीने भिंतींचं क्षेत्रफळ 728 चौरस फूट, आणि छताचे 192 धरून 920. दारं-खिडक्या आणि मांडणीमागची न रंगवलेली भिंत यांची वजावट अजून बाकीच. बिलात होते 1150. विचारलं तर म्हणाला, ‘उंच भिंतीला माल जास्त लागतो.’ चौरस फूट म्हणजे चौरस फूट, तो जमिनीजवळचा असो की छताजवळचा! आणि त्या वरच्या भागात माल उलट कमीच लागला होता. खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा दिसलं की छताखालचे तीनेक फूट नुसत्या एका हातावर सोडलेत. खाली पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात आणि वर जुन्या रंगाचे पोपडे तसेच.

दिव्यांची युक्ती वेगळ्या जातीची आहे, कारण ती फसवणूक म्हणून सिद्धच करता येत नाही. त्याने कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून नेहमीच्या नऊ फुटी खोलीला लागतात तेवढेच छोटे दिवे धरले. एका दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अडीच फूट उंचीच्या टेबलापासून नऊ फुटांवरचं छत साडेसहा फूट दूर, आमचं साडेदहा. म्हणजे तोच दिवा टेबलावर चाळीस टक्क्यांहूनही कमी उजेड देणार. सगळं लावून झाल्यावर खोली अंधारी दिसली, आणि मग ‘वाढीव काम’ म्हणून नवे दिवे, नवी वायरिंग, नवं बिल. हे त्याला आधी माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. उंच खोलीत सगळे दिवे छतालाच लावायची गरज नसते. टांगते दिवे, भिंतीवरचे दिवे, मांडणीतल्या पट्ट्या यांनी काम भागतं. पण ते त्याच्या दरपत्रकात नव्हतं.

पंख्याचंही सांगून टाकते. खोलीच्या मोकळ्या भागातला पंखा त्याने आखूड दांडीवर छताला चिकटवून दिला. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर यायला हवीत, नाहीतर वारा वरच्यावर फिरतो. लांब दांडी म्हणजे पुन्हा ‘एक्स्ट्रा’.

उलगडा झाला तो पोटमाळ्यावर पुस्तकं चढवल्यावर. चालताना जमीन लचकायला लागली, आणि आडभिंतीच्या कडेने जिप्समच्या सांध्यात केसाएवढी चीर दिसली. कंत्राटदार म्हणाला, ‘लोखंड आहे ताई, थोडं खेळतंच.’ आम्ही त्याच दिवशी सगळं वजन उतरवलं, खालीही कुणाला बसू दिलं नाही आणि इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी जिप्समचा चौकोन कापायला लावला, पाइपला एक भोक पाडलं आणि त्यातून पत्र्याची जाडी मोजली. पाच मिनिटांचं काम. मग आडभिंतीवर बोटाने ठोकत ते फक्त एवढंच म्हणाले, ‘याला धरलंय?’

त्यांचा लेखी अहवाल घेऊन आम्ही कंत्राटदाराला गाठलं. त्याने शांतपणे कोटेशन पुढे केलं. ‘हेवी लिहिलंय. तीन एमएम कुठे लिहिलंय?’ खरंच कुठेच नव्हतं. जाडी नाही, मीटरचं वजन नाही, सांधे कसे असतील ते नाही, भार किती धरलाय ते नाही. मात्र एका जागी तो अडकला. बिलात लोखंड किलोवर लावलं होतं, 330 किलो. फ्रेम उतरवून भंगारात दिली तेव्हा काट्यावर ती 222 किलो भरली. काट्याची पावती, भोकातून मोजलेल्या जाडीचे पट्टीसकट फोटो आणि अहवाल अशी नोटीस गेल्यावर लोखंडातल्या फरकाचे पैसे त्याने गुपचूप परत केले. मजुरीचे नाहीत.

नवं काम दुसऱ्यांकडून करून घेतलं. उभं राहण्याचा हट्ट सोडला, लहान आकाराचा झोपण्यापुरता माळा केला आणि एका कोपऱ्यात खांब दिला. तो पुस्तकांच्या मांडणीत इतका मिसळून गेलाय की पाहुण्यांना दाखवावा लागतो. उन्हाळ्यात गरम हवा वरच साठते म्हणून माळ्याच्या वर भिंतीत एक्झॉस्ट बसवला. पहिल्या चित्रात त्याचा मागमूसही नव्हता. पाइपची तोंडं मोजून होईपर्यंत उघडी, सांधे इंजिनिअरनी बघेपर्यंत बिनरंगाचे, आणि परांची उभी असतानाच आम्ही स्वतः वर चढून छताजवळच्या भिंतीवरून हात फिरवून आलो. या तिन्ही गोष्टी कामाच्या करारात लिहिल्या होत्या आणि पैशांचे हप्तेही त्यांनाच बांधले होते. नव्या माणसाने एकदाही कुरकुर केली नाही.

जुन्या कंत्राटदाराशी रंगाचा वाद अजून चालू आहे. वरचे तीन फूट फुकट रंगवून द्यायला तो तयार आहे. परांचीचे पैसे मात्र आम्ही द्यायचे म्हणतो.