सांदवाडीसाठी सौर झटका मशीन: खोक्यातलं चांगलं, खोक्याबाहेरचं कच्चं

तालुक्याच्या कृषी केंद्रात कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन, 12 व्होल्टची बॅटरी आणि सोलर प्लेट असा संच मिळतो. पाच-दहा गुंठ्यांची सांदवाडी, म्हणजे घरामागची भाजीबाग, रानडुक्कर आणि साळिंदरापासून राखायला तो पुरतो. बोंब होते ती बहुतेक अर्थिंगपायी. सोबत हातभर सळई देतात, पावसाळ्यात तेवढ्यावर भागतं. एप्रिलात काळी माती भेगाळली की सळई नुसती पोकळीत उभी. करंटला परतीची वाट नाही, डुक्कर खुशाल आत.

जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या, पाच फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर पूर्ण ठोका आणि एकाच जीआय तारेनं क्लॅम्प लावून जोडा. तांब्याची तार नको, जोड गंजतो. घराच्या मीटरच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर लांब राहा. न्हाणीचं पाणी मुरतं ती जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं.

खालची तार जमिनीपासून 6 इंचांवर, मग 14 आणि 28. साळिंदराचे काटे करंट घेत नाहीत, झटका बसतो तो नाकाला. खालची तार 10 इंचांवर गेली की ते खालून शिरून रताळी उकरतं. उन्हाळ्यात मधली तार अर्थला जोडा. घुसणारं जनावर दोन तारांना एकदम टेकतं आणि कोरड्या जमिनीवरही झटका लागतो. मात्र 6 इंचांवरच्या तारेला श्रावणात गवत भिडतं आणि सगळा जोर तिथंच गळतो. विळा फिरवत राहावा लागतो, त्याला इलाज नाही.

संचातली 7 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी आमच्या मते कमी. मशीन 3 वॅट खात असेल तर 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॅट-तास, हिशेबानं 28 तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. चार दिवस झड लागली की कुंपण मेलं. 18 एएचची बॅटरी आणि 40 वॅटची प्लेट मागा. प्लास्टिकचे इन्सुलेटर उन्हानं तडकतात, कोपऱ्यांना तरी चिनी मातीचे लावा.

कुंपणाचा वेगळा टेस्टर घ्या, साधा मल्टिमीटर जळतो. मशीनपासून सगळ्यात लांबच्या टोकाला 4 हजार व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर आधी गवत बघा, मग अर्थिंग, मशीन शेवटी.

मशीनचा झटका सेकंदाला एखादाच, तोही क्षणभराचा, म्हणून जनावर हादरतं, मरत नाही. घरची 230 व्होल्टची लाइन थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यात वाघही मेलेत, माणसंही. काटेरी तारेत झटका सोडू नका, अडकलेल्याला सुटता येत नाही. पाटी लावा. विजा कडाडायला लागल्या की मशीन तारेपासून सोडवा.

सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे खरेदीआधी वनरक्षकाला विचारा.

माकडांसाठी मात्र हा खर्च करू नका. ती कवेलूंवरून थेट वांग्यात उतरतात.