जिओजेब्राचं फ्रीहँड टूल आणि माझे 450 रुपये

पाच महिने वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही. जिओजेब्रा म्हणजे आलेख आणि भूमितीचं ॲप, जास्त सांगत बसत नाही, बहुतेकांना माहीत आहे (होहेनवार्टरने 2001 मध्ये साल्झबर्गला शिकताना प्रबंधासाठी केलेलं, हे आमच्या बारावीवाल्याला जेवताना तीनदा ऐकवून झालंय). मी बोलतोय फक्त त्यातल्या फ्रीहँड शेप या टूलबद्दल. हाताने आलेख काढला की त्याचं थेट f नावाचं फंक्शन होतं, मग f(2) म्हणजे x = 2 ला किती ते विचारा, त्यावर पॉइंट सरकवा, इंटिग्रल (आलेखाखालचं क्षेत्रफळ) घ्या, सगळं चालतं.

आमचा खेळ असा, मुलगा आणि शेजारची दोघं, प्रत्येकाने 0 ते π साइनचा आलेख हाताने काढायचा आणि खालचं क्षेत्रफळ बघायचं. उत्तर 2 यायला पाहिजे. जो सगळ्यात लांब त्याच्या पैशाची मिरची भजी.

पण माझ्या वेळी दर वेळी नुसतं ? यायचं. आकडाच नाही! दोन आठवडे मी ॲपला शिव्या घातल्या, दोनदा काढून परत टाकलं. शेवटी शेजारच्या मुलीने झूम करून दाखवलं, "काका, तुमचा साइन 0.03 वर सुरू झालाय." म्हणजे 0 वर माझं f अस्तित्वातच नाही, मग ते बिचारं इंटिग्रल कुठून घेणार. चूक माझीच. आता 0 च्या जरा आधी टेकवतो, π च्या जरा पुढे उचलतो. त्यातून डोमेन (फंक्शन कुठून कुठपर्यंत आहे ते) हा शब्द पोरांना जेवढा कळला तेवढा वर्षभर फळ्यावर कळला नव्हता, हे मात्र मान्य.

आता खरा राग. या खेळासाठी म्हापशाहून 450 चा स्टायलस (स्क्रीनवर रेघ मारायचा पेन) आणला, पावसाळ्यात त्याची टीप, म्हणजे टोक, सैल झाली, रेघ मध्येच तुटायला लागली. डिचोलीहून बस पकडून दुकानात गेलो तर म्हणे टीप वॉरंटीत येत नाही, वेगळी 120 ची घ्या. बिलावर कुठे लिहिलंय विचारलं तर पठ्ठ्या मोबाईलमध्ये बघत बसला. अर्धा तास भांडलो, बसभाडं वेगळं गेलं.

घरी येऊन चिडून बोटानेच काढला. 1.98 आला, आजवरचा घरातला सगळ्यात चांगला. भजी मुलाने आणली. स्टायलस आता कपाटावर, पंखा पुसायच्या काठीशेजारी पडलाय, कुणाला पाहिजे तर 200 ला देतो, टीप सोडून.